फ्रॉस्टने करपलेली बाग: आधी कात्री खाली ठेवा

१८ मे २०२३. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या परसातल्या जपानी मेपलची पानं सकाळी सहाला काचेसारखी कडक होती. नऊला ती उकडलेल्या पालकासारखी लोंबली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चहाच्या चोथ्यासारखी काळी पडली. त्या पहाटे व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, आमचा भाग आणि न्यूयॉर्कमधलं हडसन खोरं, सगळीकडे फ्रॉस्टची, म्हणजे दंव गोठवणाऱ्या थंडीची, हीच कथा होती. सफरचंदं नुकतीच फुलून गेली होती, द्राक्षाचे फुटवे वीतभर झाले होते, आणि खोलगट जागांत पारा फॅरनहाइटच्या विशीत, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या खाली, उतरला. अनेक बागायतदारांची वर्षाची पिकं एका रात्रीत गेली.

त्याआधीचा मोठा तडाखा ९ मे २०२०चा. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातसुद्धा बर्फ भुरभुरल्याची नोंद आहे. तेव्हा मी नवशिका होतो. दोन दिवसांत कात्री घेऊन करपलेलं सगळं साफ केलं. हायड्रेंजिया जमिनीपासून कापला, मेपलच्या फांद्या अर्ध्यावर आणल्या. बाग नीटनेटकी दिसली. पण त्या हायड्रेंजियाला त्या वर्षी एकही फूल आलं नाही आणि मेपलचा आकार अजून पुरता सुधारलेला नाही. फ्रॉस्टने पानं नेली होती, फांद्या मी नेल्या. २०२३मध्ये मी तीन आठवडे काहीही कापलं नाही, आणि तोच मेपल जूनअखेर पुन्हा पानांनी भरला.

शब्दाची एक गंमत आहे. हिंदीत या गोठलेल्या दंवाला ‘पाला’ म्हणतात. मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. त्यामुळे उत्तर भारतीय शेजारी ‘पाला पड गया’ म्हणाला, तेव्हा मी मे महिन्यात पानगळ कशी, याच विचारात पडलो. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दंव गोठतं तेव्हा वर्तमानपत्रं ‘हिमकण’ लिहितात. मी इथे सगळे म्हणतात तसं सरळ फ्रॉस्टच म्हणतो.

रात्री नेमकं काय होतं

जे झाड जानेवारीत उणे २० अंश सेल्सिअस सहज सोसतं, ते मेमध्ये उणे ३ला मार का खातं? हिवाळ्यात त्याचे डोळे, म्हणजे पानाफुलांचे कोंब, मिटलेले असतात, पेशींत पाणी कमी आणि साखर जास्त असते. वसंतात डोळे फुटले की कोवळ्या पानांत पाणीच पाणी. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत तयार होतो, तो पेशीतलं पाणी बाहेर ओढतो आणि पेशीचं आवरण फाटतं. ऊन लागून बर्फ वितळला की रस बाहेर झिरपतो. पान ओलं, पारदर्शक दिसतं ते त्यामुळे. काळेपणा नंतर येतो.

फूल जितकं पुढे गेलेलं, तितकं नाजूक. सफरचंदाच्या टपोऱ्या बंद डोळ्याला उणे ९ अंशांपर्यंत फारसं काही होत नाही. पूर्ण उमललेल्या फुलांपैकी मात्र उणे २.२ अंशांत (२८ फॅरनहाइट) अर्ध्या तासात साधारण १० टक्के मरतात आणि उणे ३.९ला (२५ फॅरनहाइट) ९० टक्के. दोन अंशांपेक्षाही कमी फरकात सगळा खेळ आहे. म्हणून शेजाऱ्याचं झाड वाचतं आणि आपलं जातं: त्याचं झाड उतारावर असतं, आपलं खाली खळग्यात. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन खोलगटात साचते.

पहिली सकाळ

झाडाला हात लावू नका. गोठलेलं पान ठिसूळ असतं, हलवलं की तुटतं. बर्फ वितळवायला गरम पाणी तर अजिबात ओतू नका. कुंड्या असतील तर पूर्वेच्या थेट उन्हातून सावलीत सरकवा, म्हणजे पानं सावकाश वितळतील. जमिनीतल्या छोट्या झाडावर आडोसा करता आला तर करा, नाही जमलं तर सोडून द्या.

मग हवामानाचा अंदाज बघा. फ्रॉस्ट पुष्कळदा जोडीने येतो, आज आणि उद्या. आजच्या रात्रीतून जे वाचलं ते उद्या वाचवायचं आहे. पांघरुणांची गोष्ट शेवटी सांगतो, पण दुसरी रात्र समोर असेल तर आधी तो भाग वाचा.

त्या दिवशी आणखी एकच काम: फोटो काढा. कुठलं झाड, कुठली बाजू, किती उंचीपर्यंत करपलं. तीन आठवड्यांनी तुलना करायला याचा फार उपयोग होतो, आणि बागेतले थंडीचे खळगे कुठे आहेत तेही त्यातून कळतं.

दोन-तीन दिवसांनी: पान गेलं, फूल गेलं, की लाकूड गेलं?

सगळा उपचार या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. उत्तर त्याच दिवशी मिळत नाही, कारण मेलेला भाग तपकिरी पडायला वेळ लागतो.

नुसती पानं गेली असतील तर फार घाबरू नका. बहुतेक पानझडी झाडांकडे राखीव, सुप्त डोळे असतात. ओक, मेपल, अक्रोड, तुती अशी मोठी झाडं तीन ते सहा आठवड्यांत दुसरी पालवी काढतात. ती थोडी विरळ असते, पानं लहान असतात. झाडाने मुळांत आणि खोडात साठवलेली पुंजी मोडून ती उभी केलेली असते, हे मात्र लक्षात ठेवा. वर्षात दुसऱ्यांदा तोच खर्च झाल्यामुळे अशा झाडाला उन्हाळ्यात पाण्याचा ताण सोसत नाही.

फूल गेलं का, ते बाहेरून कळत नाही. पाकळ्या शुभ्र असतात आणि आत सगळं संपलेलं असतं. सफरचंद, नासपती, चेरी, पीच यांची दहा-वीस फुलं झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून तोडा आणि पाकळ्यांच्या लगेच खाली ब्लेडने आडवी कापा. मध्यभाग हिरवट असेल तर फूल जिवंत, काळा-तपकिरी असेल तर गेलं. स्ट्रॉबेरीला कापावंही लागत नाही, फुलाच्या मधोमध काळा ठिपका दिसतो. त्या फुलाला फळ धरणार नाही, पण त्याच रोपाची मागून येणारी फुलं धरतील.

वीसपैकी अठरा फुलं काळी निघाली तरी लगेच हताश होऊ नका. भरपूर बहरलेल्या सफरचंदाला चांगल्या पिकासाठी शंभरातली पाच ते दहा फुलं पुरतात. बाकीची आपण एरवी विरळणीत काढतोच. गुच्छातलं मधलं फूल आधी उमलतं आणि आधी मरतं, कडेची मागे राहिलेली वाचतात. वाचलेल्या फळांवर कधीकधी कंबरपट्ट्यासारखा खरबरीत तपकिरी पट्टा उमटतो. तो फ्रॉस्टचा व्रण आहे, फळ खायला उत्तम असतं.

लाकूड गेलं का, हे नखाने बघायचं. फांदीच्या शेंड्यापासून सुरुवात करून साल अगदी नखभर खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली सरका आणि पुन्हा बघा. मेच्या फ्रॉस्टने सहसा जाडसर लाकूड मरत नाही. मेलेलं सापडलं तर दोष बहुधा आधीच्या हिवाळ्याचा असतो. २०२३मध्ये इथल्या पीचच्या झाडांना फुलंच आली नाहीत आणि लोक मेच्या फ्रॉस्टला बोल लावत होते. खरं कारण होतं ४ फेब्रुवारीची पहाट. त्या दिवशी बॉस्टनला पारा उणे १० फॅरनहाइट, म्हणजे उणे २३ सेल्सिअसच्या आसपास होता आणि पीचचे फुलडोळे तेव्हाच मेले होते.

पुढचे तीन आठवडे

पाणी द्या, पण बेताने. पानं नसलेलं झाड पाणी कमी पितं, आणि माती सतत चिखल राहिली तर मुळं कुजतात. बोट दोन-तीन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. पावसासकट आठवड्याला साधारण एक इंच पुरतं. आपल्याकडचा शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओली पण हाताला चिकटत नाही, ती अवस्था टिकवायची.

आच्छादन म्हणून लाकडाचा भुसा किंवा कुजलेली पानं दोन-तीन इंच पसरा. खोडाला टेकवू नका. इथे लोक खोडाभोवती ज्वालामुखीसारखा ढीग रचतात. तो बघून माझा जीव कासावीस होतो, कारण साल आतून कुजते.

खत देऊ नका. इथेच सगळ्यांचा हात सुटतो. झाड आजारी दिसतं, मग त्याला काहीतरी ‘ताकद’ द्यावीशी वाटते. नत्र दिलं की झाड राखीव पुंजीतून भराभर लुसलुशीत फुटवे काढतं. पुन्हा थंडी आली तर तेच आधी जातात, नाही आली तर मावा त्यांच्यावर तुटून पडतो. दुसरी पालवी पूर्ण उघडून पक्व झाली की बोटभर कंपोस्ट पसरलंत तर चालेल. फळं गेलेल्या झाडाला त्या वर्षी नत्र देऊच नये. फळांवर खर्च होणारी शक्ती तशीही पाना-फांद्यांत जाणार असते.

छाटणी कधी

आपल्यातले बरेच जण नाशिक-सांगलीकडचे. तिथे एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते, वेल ओंडक्यापर्यंत कापतात, आणि कापल्यावरच तो फुटतो हे आपण लहानपणापासून बघितलेलं असतं. ती सवय इथे घात करते. तिथे पुढे पूर्ण उन्हाळा असतो आणि वेलीत पुंजी भरलेली असते. इथे झाडाने पुंजी नुकतीच खर्च केलेली असते.

म्हणून निदान तीन-चार आठवडे थांबा. जूनच्या मध्यापर्यंत कुठला डोळा फुटला आणि कुठला नाही हे झाड स्वतःच दाखवतं. मग मेलेली फांदी सर्वात वरच्या जिवंत फुटव्याच्या थोडं वर कापा. शंका असेल ती फांदी आणखी पंधरा दिवस ठेवा. जपानी मेपलला तर मी जुलैपर्यंत हात लावत नाही. कापलेल्या जागी रंग किंवा मलम लावायची गरज नाही, जखम झाड स्वतः भरून काढतं.

याला दोन अपवाद. होस्टासारख्या मऊ झाडांची लगदा झालेली पानं लगेच काढा, त्यावर करडी बुरशी चढते. आणि तुटून लोंबणारी फांदी वाट न बघता काढा.

झाडागणिक थोडं वेगळं

हायड्रेंजियाचे प्रकार ओळखा. मोठ्या गोल निळ्या-गुलाबी गुच्छांचा प्रकार गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतो. शेंड्याचे डोळे गेले तर त्या वर्षीची बहुतेक फुलं गेली. पण काडीच्या खालच्या जोडडोळ्यांतून अधूनमधून एखादा गुच्छ येतो, म्हणून जिवंत डोळ्यापर्यंतच कापा. पांढऱ्या, शंकूसारख्या तुऱ्यांचा प्रकार नव्या फुटव्यावर फुलतो. त्याची काळजी नको.

मॅग्नोलियाच्या पाकळ्या तपकिरी होऊन लोंबतात, दृश्य केविलवाणं असतं, पण झाडाला काहीही झालेलं नसतं. पिओनी सकाळी जमिनीला टेकलेली दिसते आणि दुपारी आपली आपण उठते. तिला काठी लावायला धावू नका. स्प्रूस आणि फरचे नवे मऊ शेंडे तांबूस होऊन गळतात. तसेच राहू द्या, बाजूचे डोळे पुढच्या वर्षी जागा भरतात.

द्राक्षाच्या एका डोळ्यात खरं तर तीन डोळे असतात. पहिला फुटवा करपला की दुसरा फुटतो. काँकॉर्डसारख्या अमेरिकन जाती या दुसऱ्या फुटव्यावरही बऱ्यापैकी घड देतात, युरोपीय वाइनच्या जाती बरेच कमी. करपलेले फुटवे खुडण्याची घाई नको, ते वाळून आपोआप गळतात.

अंजीर पार जमिनीपर्यंत गेलं तरी खालून फुटतं. जुन्या काडीवरचं लवकरचं पीक बुडतं, नव्या काडीवरचं मुख्य पीक येऊ शकतं, फक्त उशिरा. बुडातून दहा-बारा कोंब आले तर चांगले तीन-चार ठेवा.

भाज्यांत मात्र भावनेला जागा नाही. टोमॅटोचा शेंडा काळा आणि खालचं खोड हिरवं असेल, तर हिरव्या पेरापर्यंत कापल्यावर बगलेतून फुटवा येतो. पण मेच्या मध्यात नर्सरीत रोपं मिळत असतात, नवं रोप लावलं तर ते बहुधा पुढे जातं. दुधी, काकडी, भेंडी काळी पडली की वाट बघू नका. मिरची-वांगं तगलं तरी महिनाभर खुंटून राहतं. बटाटा जमिनीखालून परत येतो. मेथी, कोथिंबीर, पालक, मटार, लसूण यांना हलका फ्रॉस्ट बाधत नाही.

घरून आणल्यासारख्या जपलेल्या कुंड्या

कढीपत्ता, मोगरा, तुळस, जास्वंद. ऑक्टोबरपासून खिडकीत कोंडलेली ही मंडळी एप्रिलचं पहिलं ऊन बघून आपण बाहेर काढतो आणि आत घ्यायला विसरतो. यांना शून्यापर्यंतसुद्धा जावं लागत नाही. तुळस तर १० अंशांच्या खालीच कुरकुरायला लागते.

तुळस काळी पडली तर सहसा परत येत नाही. वाळलेल्या मंजिऱ्या चुरून बी पेरा, तेच सोपं. कढीपत्ता सगळी पानं टाकतो पण चिवट असतो. कुंडी आत उबेला आणा, माती वरून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी नको, आणि दर आठवड्याला खोड नखाने बघत राहा. बुडाजवळ हिरवं आहे तोवर कुंडी फेकू नका. नवा कोंब यायला दोन महिनेही लागतात. मोगऱ्याच्या काड्या जिवंत भागापर्यंत कापल्या तरी चालतात, तो नव्या फुटव्यावर फुलतो.

जून-जुलैमध्ये नजर कशावर ठेवायची

सफरचंद-नासपतीवर फायर ब्लाइट नावाचा जिवाणूजन्य करपा येतो. जखमी झालेल्या फुला-पानांतून तो चटकन शिरतो. शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकून काळा पडला तर समजा तोच. फ्रॉस्टचा काळेपणा एका रात्रीत सगळीकडे येतो, हा एकेका फांदीवर येतो आणि पसरत जातो. इथे वाट बघायची नाही: कोरड्या दिवशी काळ्या भागाच्या फूटभर खाली कापा, दर कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका.

सगळी फळं गेली तरी झाडाकडे दुर्लक्ष नको. पुढच्या वर्षीचे फुलडोळे याच उन्हाळ्यात तयार होतात. फळांचा भार नसल्यामुळे ते यंदा भरमसाट तयार होतील, पुढच्या वसंतात झाड फुलांनी लगडेल, आणि तेव्हा विरळणीत हात आखडता घेतलात तर लहान फळांचं ओझं होऊन त्यापुढचं वर्ष कोरडं जाईल. पुढच्या जूनमधली विरळणी आत्ताच कॅलेंडरवर टाका: गुच्छाला एक फळ, दोन फळांत वीतभर अंतर.

दुसरी रात्र, किंवा पुढचा मे

अंदाजात ३६ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ सेल्सिअस दिसलं, आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल, तर फ्रॉस्ट येणार असं धरून चाला. हवामान खात्याचा पारा माणसाच्या खांद्याच्या उंचीवर मोजतात, अशा रात्री जमिनीलगत दोन-तीन अंश तरी कमी असतात. झाडाच्या उंचीवर साधा थर्मामीटर टांगा. मेच्या मध्यापर्यंत तरी निर्धास्त होऊ नका. जर्मनीत ११ ते १५ मे या दिवसांना बर्फाळ संतांचे दिवस म्हणतात आणि जुनी माणसं ते सरेपर्यंत टोमॅटो लावत नाहीत. तिकडच्या मराठी मंडळींना शेजारच्या आजीबाई हेच सांगतील.

निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते. त्यातला पाण्याचा भाग इथेही घेता येतो: दुपारीच मातीला पाणी द्या. शेकोटीचं मात्र इथल्या अग्निशमन दलाला समजावणं अवघड आहे. थंडीत रात्री झाडावर फवारे मारणं हे बागायतदारांचं तंत्र आहे. पाणी गोठताना दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता सोडतं म्हणून ते चालतं, पण बर्फ वितळेपर्यंत फवारा अखंड चालू ठेवावा लागतो. घरच्या नळीने अर्ध्यावर थांबलात तर न केल्यापेक्षा वाईट.

पांघरुणाला जुन्या सुती साड्यांइतकं सोयीचं मला काही सापडलेलं नाही. हलक्या, लांब, आणि नऊवारी असेल तर अख्खा गादीवाफा झाकतो. सूर्य मावळायच्या आधी घाला, म्हणजे जमिनीची ऊब आत कोंडली जाते. कापड जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे आणि कडेला विटा ठेवल्या पाहिजेत. ऊब जमिनीतून येते; खोडाला फुग्यासारखी गाठ मारून बांधलेलं कापड ती बाहेरच ठेवतं. प्लॅस्टिक पानाला टेकलं की तिथे पान गोठतंच, म्हणून वापरलंत तर काठ्यांवर ताणा. आणि सकाळी पारा शून्याच्या वर गेला की पांघरूण काढा. २०२३च्या दुसऱ्या रात्रीनंतर मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलो आणि प्लॅस्टिकखालचे फ्रॉस्टमधून सहीसलामत सुटलेले टोमॅटो अकरा वाजता उन्हाने वाफवले गेले. तेव्हापासून फोनवर साडेसातचा गजर लावलेला आहे.